एकशे बारा वेळा ‘नको’

सुनावणी सकाळी अकराला सुरू झाली आणि संपली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. सभागृहात व्यासपीठाच्या डाव्या हाताला, एक पाय लुळा असलेल्या टेबलाशी सरकारी लघुलेखिका बसली होती. कचेरीत तिला सगळे स्टेनोबाई म्हणत. वय एक्कावन्न, नोकरी अठ्ठावीस वर्षांची. त्या दिवशी तिने दोन पेन्सिली संपवल्या आणि तिसरीला टोक केलं.

विषय होता गावामागचा डोंगर. डोंगर चुनखडीचा, आणि सिमेंट कंपनीला तो हवा होता. एखादा कोपरा नव्हे, अख्खा. वीस वर्षांत सुरुंग लावून तो सपाट व्हायचा होता. कंपनीचा माणूस बारा मिनिटं बोलला. डोंगर नापीक आहे, निर्जन आहे, तिथे जपण्यासारखं काही नाही, हे त्याने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. पुढचे पाच तास गावातली माणसं बोलली.

शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई डोंगराच्या उत्तर अंगाच्या गुहांबद्दल बोलल्या. त्या गुहांच्या भिंतींवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी गेरूत बुडवून उमटवलेले हात आहेत, त्यात एक हात चार वर्षांच्या पोराएवढा आहे. जुन्या व्यापाऱ्यांची वाट त्याच डोंगरावरून जायची आणि तिच्या पायऱ्या पावलांनी मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्या आहेत. दवाखान्यातली परिचारिका धुळीबद्दल बोलली. एक मेंढपाळ झऱ्यांबद्दल बोलला. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसतंच ‘नको’ म्हणून खाली बसलं.

स्टेनोबाईला एक सवय होती. लिहिताना ती ऐकायची, पण मनावर घ्यायची नाही. हात कामावर, मन रजेवर, असं ती स्वतःच म्हणायची. पण दोन दिवस बसून तिने वहीतल्या लघुलेखनाच्या खुणांचं टंकलेखन केलं तेव्हा मन रजेवर राहिलं नाही. एक्केचाळीस पानं झाली. तिने ती नीट टाचून साहेबांच्या टेबलावर ठेवली.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. समोर दीड पान होतं.

“यावर सही करा.”

तिने वाचलं. ‘उपस्थितांनी प्रकल्पाचे स्वागत केले. काही किरकोळ शंका मांडण्यात आल्या, त्यांचे समाधानकारक निरसन करण्यात आले.’ खाली तिचं पूर्ण नाव आणि हुद्दा.

“साहेब, हे कुठल्या सभेचं?”

“बाई, सारांश आहे हा. सारांश म्हणजे थोडक्यातच असणार.”

“एक्केचाळीस पानांत ‘नको’ हा शब्द एकशे बारा वेळा आलाय. मी मोजलाय. सारांशात एकदा तरी यायला हवा होता.”

साहेब हसले. वाईट माणसाचं हसू नव्हतं ते. कंटाळलेल्या माणसाचं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. “तुम्ही ऐकलं ते लिहायचं. त्याचा अर्थ काय, ते आम्ही ठरवायचं. आणि ती एक्केचाळीस पानं संगणकावरून काढून टाका, उगाच घोळ नको.”

तिने सही केली नाही. ती सरळ तळमजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये गेली, खुणांची वही रीतसर जमा केली आणि पोचपावती घेतली. लघुलेखनाच्या वह्या तीन वर्षं सांभाळायच्या, असा नियम होता. तिथल्या कारकुनाने वही उघडून पाहिली. “हे काय, मुंग्या फिरल्यात?” म्हणाला आणि कपाटात टाकली. साहेबांनी मागून पानं पुसून घेतली, पण वहीची आठवण त्यांना झाली नाही. झाली असती तरी ती वाचणार कोण, असंच त्यांना वाटलं असतं.

महिनाभराने भूगोलाच्या बाई कचेरीत आल्या. काठी टेकत दोन जिने चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. त्यांनी इतिवृत्ताची नक्कल अर्ज करून मिळवली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

“मी बोलत होते तेव्हा तुम्ही लिहीत होतात. मी पाहिलं तुम्हाला. मी जरा थांबले की तुमची पेन्सिलही थांबायची.”

“हो.”

“मग हे काय?”

तेच दीड पान होतं. तिच्या नावाच्या वर छापलं होतं, ‘सही/-’. म्हणजे मूळ कागदावर सही आहे, असं ही खूण जगाला सांगत होती. मूळ कागदावर तिने पेन टेकवलं नव्हतं.

स्टेनोबाईची कानशिलं तापली. अठ्ठावीस वर्षांत तिच्या कामात कुणी चुकलेला स्वल्पविराम शोधून दाखवला नव्हता, आणि आता तिच्या नावाने कुणीतरी एका गावाचं तोंड बंद केलं होतं.

“बाई, ही सही माझी नाही.”

“मला सांगून काय उपयोग? तिथे सांगाल का?” बाईंनी या इतिवृत्ताविरुद्ध गावाने केलेल्या अपिलाची तारीख सांगितली.

आजूबाजूची टेबलं एकदम कामाला लागली. कुणी वर पाहीना.

“सांगेन,” ती म्हणाली. जरा मोठ्यानेच म्हणाली.

बातमी घरी तिच्या आधी पोचली. दादा, तिचा थोरला भाऊ, खालच्या मजल्यावर राहायचा. त्याचे दोन ट्रक होते आणि चुनखडीच्या वाहतुकीचं काम त्याला द्यायचं कंपनीने कबूल केलं होतं. तो रविवारी सकाळी वर आला तो तणतणतच.

“तुला काय पडलंय गं? डोंगर काय आपल्या बापाचा आहे?”

“नाही ना. बापाचा असता तर तू केव्हाच विकून मोकळा झाला असतास.”

दारात उभ्या असलेल्या वहिनीला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात घालवलं. दादा आणखीच भडकला. “लोकांची पोटं त्यावर चालणार आहेत. तुझी आपली एक सही, तेवढ्यावरून रामायण!”

“दादा, तुला काम मिळू दे. पण लोकांनी हो म्हटलं म्हणून मिळू दे. त्यांनी नाही म्हटलेलं पुसून, वर माझं नाव चिकटवून नको.”

“नोकरी जाईल.”

“गेली तर तुझ्या ट्रकवर क्लीनर म्हणून घे.”

दादा धाडधाड जिना उतरला. त्यानंतर आठ महिने तो तिच्याशी बोलला नाही. वहिनी मात्र गच्चीवर कपडे वाळत घालताना भेटायची.

अपील तिघांच्या मंडळापुढे होतं, आणि स्टेनोबाईच्या पोचपावतीवरून मंडळाने रेकॉर्ड रूममधली वही मागवली होती. कंपनीचा वकील उंच, गोड गळ्याचा. त्याने वहीचं एक पान दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं. “हे आकडे, या वेलांट्या! यातून ही बाई आज काहीही वाचून दाखवेल. उद्या म्हणेल, यात रामबाण औषधाची कृती आहे. हा पुरावा कसा?”

स्टेनोबाई उठली.  “साहेब, मी वाचतच नाही. ही पद्धत माझ्या घरची नाही, परीक्षा देऊन शिकतात. तुमच्या इथला लघुलेखक बोलवा. पान तुम्हीच निवडा.”

अध्यक्षांना ते पटलं. त्यांचा लघुलेखक कोपऱ्यातच बसून लिहीत होता. चष्मा पुसून तो पुढे आला. अध्यक्षांनी मधूनच एक पान उघडून त्याच्या हातात दिलं. तो अडखळत वाचू लागला.

“‘कागदावर लिहिलंय, डोंगरातले झरे फक्त पावसाळ्यापुरते. कुणी लिहिलं? तो आला होता का? साहेब, भर उन्हाळ्यात... भर उन्हाळ्यात पाल घेऊन या.’”

सभागृह हसलं. वकील जागच्या जागी उसळला. “पाहा! पाल घेऊन या! हा तुमचा पुरावा!”

मागच्या बाकावरून मेंढपाळ उभाच राहिला. “पाल कशाला आणायला सांगीन? पेला म्हणालो होतो, पेला! उन्हाळ्यात पेला घेऊन या, भरून नाही दिला तर मेंढरं तुमची!”

अध्यक्षांनी त्याला बसवलं आणि लघुलेखकाकडे पाहिलं. त्याने कागद जवळ धरला. “बरोबर आहे, साहेब. या लेखनात स्वर बहुधा गाळतात. पाल आणि पेला यांची खूण एकच. माझी चूक झाली.” मग त्याने पुढची ओळ वाचली, जी त्याने आधी पाहिलीही नव्हती. “‘नाही भरून दिला तर मेंढरं तुमची.’”

आता कुणी हसलं नाही. अध्यक्ष म्हणाले, वाचत राहा. तो पावणेदोन तास वाचत होता. आपलं वाक्य आलं की मागच्या बाकांवरचं माणूस ताठ बसायचं. भूगोलाच्या बाईंनी डोळे मिटून ऐकलं. स्टेनोबाईने पहिल्यांदाच ते सगळं दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं आणि तिला कळलं, की ही माणसं रडगाणं गात नव्हती. जे कुणी विचारलंच नव्हतं, ते ती सांगत होती.

इतिवृत्त रद्द झालं. सुनावणी पुन्हा घ्यायचा आदेश निघाला. दुसऱ्या सुनावणीला पहिलीच्या तिप्पट माणसं आली, आणि वर्षभराने डोंगर संरक्षित म्हणून जाहीर झाला. गुहा, वाट, झरे, सगळं नकाशावर हिरव्या रेषेच्या आत आलं.

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण अपील चालू असतानाच कंपनीने उत्तरेला ‘चाचणीसाठी’ तीन सुरुंग उडवले होते. त्यात एका गुहेचं छत बसलं. तीच गुहा, पोराचा हात असलेली. कंपनीने खेद व्यक्त केला. खोट्या सहीची चौकशी झाली आणि ती ‘टंकलेखनातील अनवधान’ ठरली. साहेबांना बढती मिळाली. स्टेनोबाईची बदली पाकिटं चिकटवण्याच्या विभागात झाली.

साहेबांच्या निरोप समारंभाला ती गेली नाही. त्या दुपारी ती भूगोलाच्या बाईंबरोबर डोंगरावर गेली. बसलेल्या गुहेच्या ढिगातला एक दगड बाईंनी काठीने उलटून पाहिला. मग म्हणाल्या, “बाकीचं तरी वाचलं.”

“बाई, असं म्हणू नका,” स्टेनोबाई म्हणाली. “म्हणूनच ते सुटतात. सगळं मागतात, थोडं मोडतात, आणि आपण उरलेल्याचे आभार मानतो.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. शाळेत उत्तर बरोबर आलं तरी शाबासकी न देणाऱ्या शिक्षिका होत्या त्या. नुसती मान हलवली आणि वाटेला लागल्या.

सुरुंगांना परवानगी कुणी दिली, असं विचारणारं पत्र स्टेनोबाईने दुसऱ्याच दिवशी पाठवलं. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं. तिने आणखी दोनदा विचारलं. तेच उत्तर आलं. आता चौथं पत्र गेलं आहे, आणि त्यावर खाली तिची स्वतःची सही आहे, शाईची, ठळक.