चौदावी तबकडी आणि वळलेले झोत

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. जेवणाच्या टेबलावरची नव्हे. तीन मजली घराएवढी, लोखंडी सांगाड्यावर तारांची जाळी ताणलेली, आभाळाकडे तोंड करून माळावर बसलेली. आम्ही चौदा जणी मिळून एकाच दिशेला पाहतो, तेव्हा कुठे एक चित्र तयार होतं. मी सगळ्यांत टोकाची. जी जितकी लांब बसते, तितका बारीक तपशील तिच्यामुळे कळतो.

आम्हाला प्रकाश दिसत नाही, रेडिओ लहरी कळतात. म्हणून भर दुपारीही आमचं काम चालतं. सुरुवातीला पाहुणे माझ्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. पुढे माझा रंग उडाला, मोटर कुरकुरू लागली, आणि पाहुण्यांना नऊ नंबरकडे नेऊ लागले. चालायचंच. माझ्याशी बोलायला फिटरकाका होतेच. बावीस वर्षं त्यांनी माझ्या सांध्यांत ग्रीस भरलं, आणि भरता भरता आतल्या खोलीतलं सगळं मला सांगितलं. ही गोष्टही त्यांनीच सांगितलेली.

इथल्या संशोधक बाई दूरच्या रेडिओ दीर्घिका, म्हणजे जोरदार रेडिओ लहरी सोडणारे ताऱ्यांचे अफाट समूह, शोधायच्या. अशा दीर्घिकेच्या पोटातून दोन बाजूंना दोन लांब झोत निघतात, बहुधा सरळ. एका चित्रात मात्र दोन्ही झोत एकाच बाजूला वळलेले दिसले.

ते पाहून वेधशाळेच्या मोठ्या साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "हे चौदा नंबरचं काम. मोटर अडखळते, तोंड भलतीकडे. उतरवायच्या यादीत टाका तिला. भंगारातच जायची आहे."

"यादी कधी द्यायचीय?" बाईंनी विचारलं.

"शुक्रवारी."

"मग शुक्रवारपर्यंत थांबा की, साहेब."

साहेब गेल्यावर दारात उभे असलेले काका म्हणाले, "बाई, खरं सांगा. माझ्या म्हातारीनं घोटाळा केलाय?"

"माहीत नाही, काका."

मित्रांनो, मलाही माहीत नव्हतं. जोराचा वारा असला की आपली मान नक्की कुठे वळली आहे, हे माझं मलाच कळेनासं झालं होतं.

"आणि तो वाक खरा असला तर?"

"तर मोठी गोष्ट आहे. माझी लेक सायकलवर सुटली की तिच्या दोन्ही वेण्या मागे उडतात ना, हवेतून जाते म्हणून? तशी ही दीर्घिकाही कशातून तरी जातेय. तापलेल्या, विरळ वायूतून. आणि एवढा वायू साठतो तो कितीतरी दीर्घिका एकत्र राहतात तिथे."

"म्हणजे वेण्यांवरून वस्ती ओळखायची."

"हो. इतकी दूरची, की तिथून निघालेल्या लहरी आपली पृथ्वी जन्मायच्या आधीच वाटेला लागल्यात."

"एवढा उशीर फक्त आमच्या प्लंबरला होतो," काका म्हणाले.

बाई हसल्या आणि कामाला लागल्या. चौदा जणींच्या नोंदींमधून त्यांनी माझी नोंद काढून टाकली आणि उरलेल्या तेरा जणींकडून तेच चित्र पुन्हा तयार केलं. चूक माझी असती, तर आता झोत सरळ दिसायला हवे होते.

वाक जिथल्या तिथे होता. पण चित्र पुसट झालं होतं. एका झोताचं टोक तर दिसेनासंच झालं होतं.

शुक्रवारी बाईंनी दोन्ही चित्रं साहेबांपुढे ठेवली. साहेब बराच वेळ कधी हे, कधी ते पाहत राहिले. मग यादी जवळ ओढून त्यांनी माझ्या नंबरावर रेघ मारली.

"काका, तिला मोटर नवी बसवा," ते म्हणाले. "मागेच बसवायला हवी होती."

काही महिन्यांनी प्रकाश पाहणाऱ्या एका मोठ्या दुर्बिणीने त्याच जागी डोळे लावले. तिथे साठेक मंद दीर्घिका दाटीवाटीने बसलेल्या सापडल्या. त्या दिवशी काकांनी मला ग्रीस जरा जास्तच भरलं.

मित्रांनो, मी जुनीच आहे, कधीतरी उतरेनच. पण तुमच्याही घरात, वर्गात कुणी कुरकुरणारं, रंग उडालेलं असेल. त्याच्या माथी दोष मारण्याआधी एकदा त्याला वगळून चित्र काढून पाहा. आणि मग काय काय पुसट झालं, ते नीट बघा.