रविवारची चाचणी

"सरासरी उत्तम आहे. अहवालावर माझी सही झालीय, तूही कर आणि मोकळी हो," साहेब म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या हॉस्पिटलच्या नव्या नेटवर्कची चाचणी मीच घेतली होती, आणि तीही रविवारी. आमच्याकडे पद्धतच तशी: सुट्टीच्या दिवशी तपासायचं, म्हणजे कुणाची अडचण नको. ओपीडी बंद, एक्स-रे बंद. मोकळ्या रस्त्यावर बैलगाडीही वेळेत पोचते. आकडे देखणे आले आणि मी मूर्खासारखी खूश झाले.

सोमवारी वहिनीचा फोन आला. ती आमच्याच अतिदक्षता विभागात नर्स आहे. "अगं, पेशंटजवळ अलार्म वाजतो, तो नेटवर्कवरून आमच्या टेबलावरच्या पडद्यावर दिसेपर्यंत मी खोलीत जाऊन परत येते! काय तपासलंस तू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंगळवारी सकाळी अकराला, सगळे एक्स-रे एकदम त्याच नेटवर्कवरून धावत असताना, पुन्हा मोजलं. उशीर कधी वीस सेकंद, कधी पाऊण मिनिट. आणि उद्यापासून खोल्यांतल्या नर्स काढून सगळे पेशंट त्या एका टेबलावरूनच बघायचे ठरले होते.

"दिवसभराची सरासरी धर, उशीर अर्धा सेकंदही भरत नाही," साहेब म्हणाले. "राईचा पर्वत करू नकोस."

"चला वर, अतिदक्षता विभागात," मी म्हणाले.

लिफ्ट भरलेली होती. तीन मजले चढून साहेबांना धाप लागली. रिकाम्या खोलीत वहिनी मॉनिटरची क्लिप बोटाला लावून बसली होती.

मी साहेबांना बाहेर टेबलापाशी उभं केलं. "वहिनी क्लिप काढेल, आत अलार्म वाजेल. वाजला की श्वास रोखा. टेबलावर दिसला की सोडा."

साहेब हसले. आत अलार्म वाजला. त्यांनी गाल फुगवले. टेबलावरचा पडदा हिरवागार. वीस झाले. कपाळावरची शीर टरारली. सव्विसाव्या सेकंदाला त्यांनी भसकन श्वास सोडला. पडदा लाल झाला तेव्हा माझ्या घड्याळात एक्केचाळीस झाले होते.

"पुन्हा करू," ते धापा टाकत म्हणाले. "दोन-चारदा करू... सरासरी काढू."

"लाज वाटते का हो जरा तरी?" मी ओरडले. सगळा विभाग वळून बघायला लागला.

वहिनी बाहेर आली. तिनं क्लिप त्यांच्यापुढे धरली. "या साहेब, आत झोपा. टेबलावर मी बसते."

साहेबांनी क्लिप घेतली नाही. माझ्या हातातला अहवाल ओढला, माझ्याच पेननं आपली सही खोडली आणि खाली लिहिलं: नर्स खोल्यांतच राहतील.