माझ्या पोटातली हवा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे आणि मी रागावलेली आहे. माझ्यासारख्या वस्तू आपली हकीगत सांगताना हळव्या होतात, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. माझ्यापायी एका भल्या माणसावर खोटा आळ आला, त्या दिवशीच माझा हळवेपणा संपला.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. मी दोनच माणसांची, जमिनीला टेकून धावणारी शर्यतीची गाडी. तुमच्या गाड्यांचं इंजिन पुढे असतं, माझं बैठकीच्या पाठीमागे. पुढचं झाकण उघडलं तर आत फक्त स्टेपनी आणि नाकाशी रेडिएटर. मागचं इंजिन तापलं की त्याचं पाणी पुढे येतं, वाऱ्यावर निवतं आणि परत मागे जातं. हे जाणंयेणं माझ्या पोटाखालच्या दोन लांब नळ्यांतून चालतं. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्या नळ्यांत घडलं.

भंडाऱ्याचे तांदळाचे व्यापारी केशवराव कलकत्त्याला गेले होते. तिथे एका इंजिनियरच्या दारात त्यांनी मला पाहिलं आणि घेऊनच आले. पहिल्या दिवशी बाजारात गर्दी जमली. एकाने माझं पुढचं झाकण उचललं आणि ओरडला, "अरे, हिले इंजनच नाई! केशवरावले फसवलं कोनी!" सगळे खो खो हसले. केशवराव मिशीतल्या मिशीत हसत आत बसले आणि मला असं पळवलं की हसणाऱ्यांच्या तोंडात धूळ गेली. तेव्हा मला माझ्या मालकाचा फार अभिमान वाटला होता. आता त्याची लाज वाटते.

मला खरं ओळखलं ते टिकारामने. टिकाराम लाखांदूरकडच्या दिघोरीचा, केशवरावांचा ड्रायव्हर. शाळा सातवीपर्यंत, पण माझ्या अंगाला कान लावून कुठे काय दुखतंय ते सांगायचा. गावच्या तलावाचं पाणी नळीने धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात घेताना नळीत हवा अडकली तर पाणी पुढे सरकत नाही, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. त्यावरून त्याने माझं मर्म हेरलं. पाणी मागून भरायचं आणि हवा पुढून काढायची. माझ्या नाकाशी एक बारका स्क्रू आहे. पाणी बदललं की तो स्क्रू सैल करायचा आणि मागून थोडं थोडं पाणी घालत राहायचं. आधी फुसफुस हवा येते, मग हवा आणि पाणी मिळून थुंकतात, आणि शेवटी नुसती पाण्याची धार लागते. या कामाला तासभर लागतो. टिकाराम तो तास कधी चुकवत नसे.

केशवरावांच्या घरी दसऱ्याला एक रीत होती. गाड्यांतलं जुनं पाणी काढून टाकायचं आणि मालकाने स्वतःच्या हाताने, तांब्याच्या लोट्याने वैनगंगेचं पाणी भरायचं. मग आरती, आणि मुहूर्तावर शिलंगणाला निघायचं. त्यांचे ट्रक आणि जुनी जीप ते पाणी मुकाट्याने पीत. त्यांचं इंजिन आणि रेडिएटर शेजारी शेजारी, त्यांना काय होतंय! माझी हवा मात्र टिकाराम दरवर्षी आरतीआधी तासभर खपून काढायचा.

बारा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला भटजी उशिरा आले. अंगणात शेजारीपाजारी, नोकरचाकर, नातेवाईक मिळून पंचवीसएक माणसं होती. केशवरावांनी माझ्यात पाणी ओतलं, काठोकाठ दिसलं तसं झाकण लावलं आणि किल्ली मागितली.

टिकाराम हात जोडून म्हणाला, "मालक, हवा काढू द्या न जी. एक तास लागन."

"मुहूर्त चालला अन् तू हवा काढून राहिला? बाजूले हो!"

"मालक, इंजन मरन जी."

"बाजूले हो म्हनलं न!"

वैनगंगेच्या पुलापर्यंत माझं इंजिन जिवाच्या आकांताने धावलं. तापमानाचा काटा थंडच दाखवत होता, कारण काट्यापाशी पाणी नव्हतंच, नुसती हवा होती. पुलावर इंजिन जाम झालं. मला दोरीने ओढून घरी आणलं. आणि त्या भरल्या अंगणात केशवराव काय म्हणाले असतील? "या टिकारामनं पानीच नाई भरलं! माही लाखमोलाची गाडी मारली यानं!"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. लोटा केशवरावांच्या हातात साऱ्यांनी पाहिला होता. टिकारामचं हात जोडणं साऱ्यांनी ऐकलं होतं. देवकाबाई, केशवरावांची बायको, आरतीचं ताट घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. टिकारामने एकवार सगळ्यांकडे पाहिलं, किल्ल्यांचा जुडगा ओट्यावर ठेवला आणि तो चालता झाला. पुढे भंडाऱ्यात त्याच्या हातात कोणी गाडी दिली नाही. दिघोरीतसुद्धा लोक त्याला ट्रॅक्टरवर बसू देईनात. 'मालकाची गाडी मारणारा' हेच त्याचं नाव पडलं.

मला तांदळाच्या गोदामात टाकलं. माझ्यावर पोती रचली, उंदरांनी गादी कुरतडली. त्याचं मला फार वाटलं नाही. पण दर दसऱ्याला अंगणातून आरती ऐकू यायची आणि माझा संताप व्हायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात केशवरावांचा नातू विक्की गोदामात शिरला. त्याला व्हिडिओ काढायला झगमग गाडी हवी होती. जुनं इंजिन फेकून नवीन बसवायचं त्याने ठरवलं. जवाहरनगरच्या रस्त्यावर मोना नावाच्या मुलीचं गॅरेज आहे, आयटीआय शिकलेली, हात चांगला, एवढंच त्याला माहीत होतं. ट्रॉलीवरून मला उतरवलं तेव्हा तिने आधी इंजिनकडे पाहिलंच नाही. ती सरळ माझ्या नाकाशी वाकली आणि कोणी न सांगता तिचं बोट त्या बारक्या स्क्रूवर गेलं.

"तुले कसं माहीत?" विक्कीने विचारलं.

"मी दिघोरीच्या टिकारामची पोरगी आहो," ती म्हणाली. विक्कीला ते नाव आठवलं नाही. मला मात्र धडकी भरली. वाटलं, ही आता माझ्यावर सूड उगवणार.

तिने साखळीने माझं इंजिन उचलून काढलं आणि टेबलावर ठेवून खोलायला घेतलं.

"भंगारातच टाकाचं आहे न? मंग कायले खोलून राहिली?" विक्की वैतागला.

"मेलं तर काहून मेलं, ते पाहावं लागते," मोना म्हणाली.

तिने पोटाखालची नळी सोडली. बारा वर्षांचं लाल, गाळाचं पाणी भदाभदा खाली आलं. इंजिनचा वरचा भाग मात्र कोरडा जळून निळा पडला होता आणि वाकला होता. मोना स्टुलावर बसली. "पानी होतं," ती स्वतःशीच म्हणाली. "बाबा खरं बोलत होते." मग ती रडली आणि रडत रडतच पाना घेऊन पुन्हा उठली.

नवीन इंजिन आलं ते अपघातात चेपलेल्या एका छोट्या गाडीचं. त्याला बसवायला तिने माझ्या हाडांना नव्या पट्ट्या जोडल्या, सीटखाली त्याचा कंप्युटर ठेवला, शेकडो वायरी ओवल्या. पाच महिने लागले. मला त्या इंजिनाच्या पोराचाही राग आला. माझ्या जुन्या जोडीदाराचा काही गुन्हा नसताना त्याची जागा याने घ्यावी! पण खोटं कशाला बोलू, अर्ध्या गिरकीत तो सुरू झाला तेव्हा माझं अंगन् अंग शहारलं.

मोनाने विक्कीला एकच अट घातली. गाडी दसऱ्याला, अंगणात, सगळ्या मोहल्ल्यासमोर सुरू करायची. विक्कीला गर्दी हवीच होती.

दसरा आला. रीतीप्रमाणे माझं जुनं पाणी काढून टाकलं होतं. केशवराव आता अठ्ठ्याहत्तरचे. काठी टेकत आले आणि त्यांनी तांब्याच्या लोट्याने माझ्यात पाणी ओतलं. काठोकाठ दिसलं तसं झाकण लावलं.

"चाला, मुहूर्त चालला," ते म्हणाले. मोना माझ्या नाकापुढे उभी राहिली.

"हवा काढल्याबिगर गाडी जानार नाई."

"भरलं न पानी! बाजूले हो."

"माह्या बापालेबी असंच म्हनलं होतं तुमी," मोना म्हणाली. "मी टिकारामची मोना. झाकन खोला, आजोबा, अन् लोटा हातात घ्या. भरलं म्हनता न? पाहू."

तिने स्क्रू सैल केला. माझ्या नाकातून फुस्स करून हवा सुटली आणि सुटतच राहिली. मागे पाणी झरझर खाली गेलं. केशवरावांनी एक लोटा ओतला, मग दुसरा, मग तिसरा. दहा झाले, बारा झाले. हवा थांबेना. त्यांनी लोटा मोनापुढे धरला, पण तिने तो घेतला नाही. शेवटी स्वच्छ धार लागली तेव्हा म्हातारा घामाने भिजला होता.

आणि मग गर्दीतून काय आवाज निघाले, ऐका. "मले तवाच वाटलं होतं!" "टिकाराम सांगत होता बिचारा, आमी आयकलं होतं न!" बारा वर्षं ज्यांच्या घशात मूग होते, तेच आता एकमेकांच्या वर आवाज चढवत होते. मला वाटलं, ब्रेक सोडावा आणि साऱ्यांच्या अंगावर जावं.

केशवराव खालच्या आवाजात म्हणाले, "चूक झाली, पोरी."

"मले कायले सांगता? दिघोरीले चाला. ज्याचं नाव खराब केलं त्याले सांगा. अन् असं हळू नोका सांगू."

विक्कीचा व्हिडिओ राहिला. मोनाने त्याच्या हातून किल्ली घेतली, केशवरावांना शेजारी बसवलं आणि आम्ही निघालो. नवा पोरगा पाठीशी थंड डोक्याने पळत होता.

टिकाराम तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चार माणसांत बसला होता. केशवराव काठी टेकत उतरले. मोना त्यांच्याकडे पाहत उभी होती, म्हणून की काय, ते मोठ्याने बोलले, "टिकाराम, पानी म्या भरलं होतं. हवा काढू म्हनत होता तू, म्या आयकलं नाई. गाडी म्या मारली अन् नाव तुहं घेतलं."

टिकारामने ऐकून घेतलं. माझ्या अंगावर तळवा फिरवत तो मागे आला आणि झाकणाला कान लावला. "पानी बराबर फिरून राहिलं," तो लेकीला म्हणाला.

केशवरावांनी मोनाकडून किल्ली घेऊन त्याच्यापुढे धरली. "घे. चालव. तुहीच आहे ही आता."

"नाई जी," टिकाराम म्हणाला. "काचबिंदू झाला. दोन वर्सं झाले, रस्ता दिसत नाई."

केशवरावांचा हात तसाच राहिला. किल्ली मोनाने घेतली. टिकाराम चाचपडत शेजारच्या जागेवर बसला आणि मोनाने मला पाळीवरून असं सोडलं, की मी कलकत्त्याहून आल्यापासून तशी धावले नव्हते. केशवरावांना तिसरी जागा नव्हती. ते मागे पाळीवर उभे राहिले. लोक गोळा झाले होते आणि प्रत्येक जण विचारत होता, "काय झालं जी? कोन तुमी?" आणि त्यांना प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागत होतं.

मित्रांनो, अशा हकीगतीच्या शेवटी 'वस्तूंची निगा राखा' असं सांगायचं असतं. राखा. माझी हवा काढा, तेल पाहा, मला उन्हात टाकू नका. पण माझं खरं मागणं ते नाही. मी लोखंडाची, मला तोंड नाही, म्हणून मी बारा वर्षं गप्प राहिले. त्या अंगणात पंचवीस माणसं होती आणि प्रत्येकाला तोंड होतं. तुमच्यासमोर कधी कोणावर खोटा आळ आला, तर त्याच जागी, त्याच वेळी बोला. केशवराव बोलले, मी नाही म्हणत नाही, पण तोवर टिकारामला रस्ता दिसायचा थांबला होता.