कोकोच्या डब्यावरचं माझं चित्र

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. म्हातारपणी स्वभाव निवळतो म्हणतात. माझा निवळलेला नाही. माझ्या पोटात अजून पारा आहे, आणि माझी हकिगत ऐकलीत तर तुमचाही चढेल.

एका कारागिराने माझ्या पत्र्याच्या पेटीत काचेची बारीक नळी उभी बसवली, शेजारी काळ्या रेघा आखल्या आणि खालच्या कुपीत चकचकीत पारा ओतला. मग एक कापडी पट्टा आणि दाबायचा रबरी फुगा जोडला. दंडाला पट्टा गुंडाळायचा, हवा भरायची आणि हळूहळू सोडायची. अंगातलं रक्त किती जोराने वाहतंय ते माझा पारा सांगतो. माझं काम एवढंच, पण ते मी कधी चुकवलं नाही.

मला एका डॉक्टरबाईंनी विकत घेतलं. त्यांचा दवाखाना म्हणजे बाहेर दोन बाकं, आत एक टेबल आणि टेबलावर मी. बाई माझी फार निगा राखत. पट्टा विरला की बदलत, पारा शून्यावर आहे ना ते रोज बघत. स्वभावाने मात्र कडक. कुणी धापा टाकत आत आलं, की त्या म्हणत, "आधी बसा. गप्प बसा. पळत आलेल्या माणसाचा दाब मोजायचा नसतो."

नेहमी येणाऱ्यांत एक शिवणकाम करणारी मावशी होती. गळ्यात मोजपट्टी, केसांत दोऱ्याचे तुकडे. कात्री अशी चालवायची की कापडाला कळायचंसुद्धा नाही! तिचा रक्तदाब वाढलेला असे, म्हणून बाईंनी तिला रोजची गोळी दिली होती. गोळीने दाब ताळ्यावर राहिला, पण पाय सुजू लागले. मशीनचं पायडल मारणाऱ्या बाईला सुजलेले पाय घेऊन कसं चालेल? तरी ती बाईंना काही बोलली नाही. बाई रागावतील, या धाकाने.

मावशीचा थोरला भाऊ चॉकलेटच्या कारखान्यात कोकोचे दाणे भाजायचा. एक दिवस तिथला व्यवस्थापक दवाखान्यात आला. गोड बोलणारा, कडक इस्त्रीचा माणूस.

"बाई, आरोग्य शिबिर घेतोय. तुमचं यंत्र द्याल का? लोकांचा पाऱ्यावर विश्वास असतो हो."

चांगल्या कामाला नाही कसं म्हणायचं? बाईंनी मला दिलं. त्यांना दवाखाना सोडून जाता आलं नाही.

शिबिर कारखान्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होतं. लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी. लोक जिने चढून वर आले, कुणी गुडघे धरून, कुणी छाती धरून. आणि दारातच, उभ्या-उभ्या, धापा टाकत असतानाच व्यवस्थापकाने त्यांच्या दंडांना माझा पट्टा आवळला. पारा चढलेलाच असणार! मग त्यांना पंख्याखाली मऊ खुर्च्यांवर बसवलं. हातात कोकोचा कप दिला आणि निवांत व्याख्यान ऐकवलं. ते संपल्यावर पुन्हा मोजलं. पारा उतरलेला. टाळ्यांचा कडकडाट!

मित्रांनो, मी दोन्ही वेळा खरं सांगितलं होतं. त्या दोन खऱ्या आकड्यांना एकमेकांशेजारी बसवून त्या माणसाने एक थाप रचली, आणि मला तोंड नव्हतं.

मावशी भावासोबत आली होती. "दादा, माझा तर केवढा उतरला!" ती म्हणाली.

"उतरणारच. आपला कोको आहे तो," भाऊ छाती फुगवून म्हणाला.

तेवढ्यात कुणीतरी माझा फोटो काढला. थोड्याच दिवसांत तो कोकोच्या डब्यावर छापून आला. खाली लिहिलं होतं, 'हृदयाचा सोबती'.

मावशीने गोळ्या सोडल्या. पायांची सूज ओसरली, तेव्हा तिला वाटलं, बघा, गुण आला. दवाखान्यात येणंही तिने बंद केलं. मोजायचं कशाला, डबा आहे ना घरात! तो शिलाई मशीनच्या शेजारी असायचा, आणि ती वर बघेल तेव्हा समोर माझंच चित्र. मी खराखुरा इकडे टेबलावर बसून होतो. मला चार पावलं चालता आली असती तर!

मग एका सकाळी कापड बेतताना तिच्या हातातून कात्री पडली. उचलायला गेली तर बोटं ऐकेनात. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. भावाने तिला उचलून आधी दवाखान्यात आणलं. बाईंनी पट्टा बांधला. माझा पारा नळीच्या पार वरच्या रेघांपर्यंत गेला. तिथून तडक मोठ्या रुग्णालयात. मावशी पक्षाघातातून वाचली. उजवा हात मात्र लुळा राहिला.

पुढे एक दिवस भाऊ आला आणि त्याने तो डबा टेबलावर आदळला.

"बाई, खरं सांगा. कोकोत काहीच नसतं का? आयुष्यभर दाणे भाजले मी. मीच पाजला तिला!"

"असतं," बाई म्हणाल्या. "तेच तर वाईट. साफ खोटं असतं तर लोकांनी ओळखलं असतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कोकोच्या दाण्यात काही कडवट वनस्पतिद्रव्यं असतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून एक वायू थोडा जास्त सुटतो. त्याने वाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, वाट रुंदावते आणि रक्त सहज वाहतं. दाबही उतरतो, पण किंचित. माझ्या नळीवरची एखाद-दुसरी रेघ.

"आणि कडूपणा जावा म्हणून तुम्ही कोकोवर क्षाराची प्रक्रिया करता ना?"

"करतो. रंगही गडद येतो."

"त्यात ती द्रव्यं बरीचशी नष्ट होतात. वर ही एवढी साखर. आणि अस्सल कोको असता तरी त्याने गोळीची जागा घेतली नसती."

"मग त्या दिवशी पारा उतरला कसा? जिने चढून आल्या-आल्या मोजला तेव्हा चढलेला होता, कोको प्यायल्यावर उतरला!"

"आधी चढवला कुणी? जिने आठवा."

भावाला ते जिने आठवले. मग त्याने व्यवस्थापकाला अशी शिवी हासडली की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

पुढच्या शिबिराला बाई स्वतः गेल्या, मला घेऊन. मागोमाग मावशीला धरून भाऊही आला. व्यवस्थापकाला वाटलं, डॉक्टर आल्या, शोभा वाढली. बाईंनी अर्ध्या लोकांना कोको दिला आणि अर्ध्यांना नुसतं कोमट पाणी. बाकी सगळं तसंच, जिने, पंखा, खुर्च्या, व्याख्यान. मग एकेकाचा आकडा त्यांनी मोठ्याने वाचला. पाणी प्यायलेल्यांचाही पारा तितकाच उतरला होता.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. "अहो, म्हणजे आम्हाला दम लागला होता तो!" एक आजोबा ओरडले.

कामाच्या कपड्यांतच भाऊ पुढे गेला. "साहेब, माझ्या बहिणीचा हात परत द्या."

व्यवस्थापकाने रुमालाने मान पुसली. "हे बघा, गोळ्या सोडा असं आम्ही डब्यावर कुठे लिहिलंय?"

आणि मित्रांनो, ते खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याला कुणी पकडणार नव्हतं. डब्यावरून फक्त माझं चित्र गेलं. डबा अजून विकला जातो. भावाने मात्र ती नोकरी सोडली.

आता मी कपाटात असतो. पारा विषारी, म्हणून माझ्या जागी नवं यंत्र आलं. त्याचा मला राग नाही. माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी असेल तर त्याच्याशी खेळू नका, फोडू नका, जाणत्या माणसाच्या हवाली करा. आणि कुणी तुम्हाला आधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे दाखवले, तर मधल्या वेळात काय-काय झालं ते आधी विचारा.

परवा कपाटातून मी मावशीचा आवाज ऐकला. ती डाव्या हाताने कात्री धरायला शिकतेय.

"मावशी, पाय सुजतात एवढं सांगितलं असतंत तर मी गोळी बदलून दिली असती हो," बाई म्हणाल्या.

"तुम्ही रागवाल म्हणून नाही बोलले."

"आता काय-काय होतंय ते सगळं सांगा, मी रागावणार नाही," बाई म्हणाल्या. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालंच, तर दुखणं घेऊन आलेल्या माणसावर रागावू नका. सगळा राग जपून ठेवा, आणि माणसांना जिने चढायला लावून मग मोजणाऱ्यावर काढा.