बहरातला सणाचा पोशाख

सफरचंदांना बहर आला की आमच्या हार्डांगरला, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, फियोर्डच्या काठाने, बसगाड्यांची रीघ लागते. लोक उतरतात, फांद्या वाकवून फोटो काढतात आणि निघून जातात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

यंदा माझ्या बहिणीच्या मुलाने, सिंद्रेने, आपली सहलीची बस आमच्याच बागेत थांबवायचं ठरवलं. माझ्या लेकीने, हेरबोर्गने, नुकतीच सफरचंदांची सायडर बनवायला सुरुवात केली होती आणि तिला गिऱ्हाईक हवंच होतं. सिंद्रेची अट एकच. मी सणाचा पोशाख घालून झाडाखाली उभं राहायचं.

तो पोशाख आम्ही राष्ट्रीय दिनाला घालतो, नाहीतर कुणाच्या लग्नाला. माझा तर आईचा आहे, त्यावरचे मणी तिने स्वतः ओवलेत. तो घालून मी बुधवारी दुपारी गवतात शोभेला उभी राहू? मी साफ नाही म्हटलं.

"मावशी, तुझ्या हट्टापायी हेरबोर्गचं नुकसान होईल," सिंद्रे म्हणाला. ते मला फार लागलं, कारण ते खरं होतं.

बुधवारी बस आली तेव्हा मी कामाच्या पँटमध्ये रोपं खुंटांना बांधत होते. सिंद्रेने माझ्या नाकावर टिच्चून भाड्याच्या पोशाखातली एक मुलगी आणली होती. बर्गनच्या कॉलेजातली, ओस्ने नावाची. तिच्या डोक्यावर खळ लावलेलं, चुण्यांचं पांढरं कापड होतं. आमच्याकडे ते फक्त लग्न झालेली बाई बांधते.

"कुणाची सून गं तू?" मी विचारलं.

"कुणाचीच नाही." ती गोरीमोरी झाली. "यांनी बांधायला सांगितलं."

"फोटोत छान दिसतं. कुणाला काय कळतंय?" सिंद्रे पुटपुटला.

हेरबोर्ग पाहुण्यांसाठी ग्लास भरून बाहेर आली होती. आता ही माझ्यावरच उखडणार, असं मला वाटलं. तिने ओस्नेच्या डोक्यावरचं कापड हलकेच सोडवलं आणि घडी घालून सिंद्रेच्या हातात दिलं.

"आम्हाला कळतं," ती म्हणाली. "सायडर प्यायची असेल तर सगळे बसा. सोंग बघायचं असेल तर बस पुढे ने."

त्याने बस पुढे नेली. भरलेले ग्लास टेबलावर तसेच राहिले. मला रडू आलं, आणि लेकीचा अभिमानही वाटला. तो आता परत बस आणायचा नाही, मी तिला म्हटलं.

"नाही आणली तर नाही आणली," तिने एक ग्लास माझ्या हातात दिला. "आपल्या बागेत आपण आपल्याच कपड्यांत राहू, आई."