व्हिएन्नाला फॉल-पिको

सोनालीच्या तक्त्यात सेहेचाळीस ओळी होत्या. घरभाडं, थंडी, भाषा, दवाखाने, ज्वारीचं पीठ मिळण्याची शक्यता. पंधरा दिवस मार्क देऊन झाले तेव्हा व्हिएन्नाला तेवीस होते आणि लिस्बनलाही तेवीस. तिनं सत्तेचाळिसावी ओळ वाढवली, तर तिथं दोघांना अर्धा अर्धा पडला.

बसची वेळापत्रकं बसवण्यात तिचा हातखंडा होता, म्हणून दोन्हीकडच्या ट्रामवाल्यांनी तिला नोकरी देऊ केली होती. आणि संगनमत केल्यासारखं दोघांनीही आज संध्याकाळी पाचपर्यंतच उत्तर मागितलं होतं. त्यानंतर दोन्ही गेल्या असत्या.

धारवाडच्या चेतनकाकांनी फोनवरून तोडगा सुचवला होता. दोन्ही शहरांची मिळून एकच महापालिका करायची, आपल्या दोन गावांची चाललीच आहे की. मध्ये दोन हजारांवर किलोमीटर आहेत, हे तिनं सांगितलं. मग आपल्या वाटेतल्या नवलूरसारखा मध्ये एखादा थांबा द्यावा, असं काकांचं मत पडलं.

साडेचारला ती कोप्पीकर रोडवर वडिलांच्या, अप्पांच्या साड्यांच्या दुकानात जाऊन बसली. हणमंतअप्पांनी तक्ता पाहिला, चष्मा काढला आणि गादीवर दोन साड्या उलगडल्या. करडी, बारीक काठाची, ती व्हिएन्ना. हळदी पिवळी, निळ्या काठाची, ती लिस्बन. चाळीस वर्षांत त्यांच्या दुकानातून कुणी रिकाम्या हातानं गेलं नव्हतं, कारण त्यांची एक रीत होती. दोन साड्यांत गिऱ्हाईक अडलं की एकीची घडी घालून कपाटात ठेवायची. डोळे तिच्यामागं गेले तर तीच त्याची.

अप्पांनी व्हिएन्नाची घडी घातली. मग उलगडून लिस्बनची घातली. पण सोनाली याच गादीवर लहानाची मोठी झालेली. ही युक्ती तिला पाठ होती, त्यामुळे आपले डोळे खरे कुठं जातात हे तिचं तिलाच कळेना. ती पंख्याकडं बघत राहिली. कपाट चार वेळा उघडलं, चार वेळा बंद झालं. पाचला दहा कमी होते.

कुंदगोळच्या यमुनाक्का मघापासून शेजारी बसून हे ऐकत होत्या. लेकीच्या साखरपुड्याला साडी हवी होती. त्यांनी पिवळी साडी खांद्यावर टाकली, आरशात पाहिलं आणि मान डोलावली.

"हणमंतण्णा, लिस्बन मला बांधा. तुमच्या पोरीला नकोय."

"अक्का, खाली ठेवा ती," सोनाली उभी राहिली. "लिस्बन माझी आहे."

अप्पांनी वळूनही पाहिलं नाही.

"पाचला किती कमी?"

"नऊ मिनिटं."

"मग लिही की, बसलीस काय."

तिनं उभ्याउभ्याच लिहिलं आणि पाठवून दिलं. सत्तेचाळीस ओळींचा तक्ता चार तुकडे करून टोपलीत टाकला. मग पदर नीट न लावता लिस्बन तशीच आपल्या खांद्यावर ओढून, ताठ मानेनं कोप्पीकर रोडवर उतरली. समोरच्या रिक्षावाल्यानं हॉर्न न वाजवता वाट दिली. असं त्या रस्त्यावर पूर्वी घडल्याचं कुणाला आठवत नाही.

मागं यमुनाक्का रुसल्या होत्या. अप्पांनी करडी साडी उजेडात धरली. राजेशाही शहर, पाणी स्वच्छ, गडबड नाही, असं बरंच काही सांगितलं. अक्का विरघळल्या.

व्हिएन्ना फॉल-पिको होऊन गुरुवारी मिळणार होती.