अस्मानी लुगडं

चित्रपट अजून मुका होता, तेव्हाची गोष्ट. नंदुरबारच्या रतिलालने विधवेच्या लग्नावर चित्रपट काढायला घेतला आणि गाव पेटलं. विधवेचा पाट लावायचा तो गावाबाहेर, अंधारात, कुणाच्या नजरेला न पडता. हा गडी तो भर उन्हात, मिरची वाळवायच्या पथारीवर लावणार होता. शिव्या खात होता आणि मोठा होत होता.

कॅमेरा धरणाऱ्या गिरधरला तेच सोसवत नव्हतं. तो कॉलेजात विज्ञान शिकलेला. विषयही आधी त्यालाच सुचला होता, पण छाती झाली नव्हती. आता पैसा लावणाऱ्या शेठने सांगून ठेवलं होतं, हा पडला तर पुढचा चित्रपट गिरधरचा.

लग्नाच्या प्रसंगाला रतिलालने नटी गुलाबबाईला अस्मानी लुगडं नेसवलं.

"गिरधरभाऊ, आते मी नवरी दिसस ना?" तिने विचारलं.

"त्याले काय इचारस? तो नवरीमाबी गंधक शोधी!" रतिलाल हसला. "बोल पंडित, रंग जमना का?"

त्या काळच्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर लाल रंग काळा उतरतो आणि निळा पांढरा, हे गिरधरला पाठ होतं. पडद्यावर नवरी विधवेच्याच वेषात दिसणार. लोक हसतील.

"जमना," म्हणत त्याने कॅमेऱ्याचं हँडल फिरवायला घेतलं.

फिल्म धुणं, जोडणं त्याच्याकडेच होतं; रतिलाल विरोधकांच्या पाया पडत हिंडत होता. पहिल्या खेळाला तंबूत दोघे शेजारी बसले. पडद्यावर पांढऱ्या लुगड्यातली बाई उन्हात उभी राहिली आणि तिच्या कपाळी कुंकू लागलं. गिरधर हसण्याची वाट पाहत राहिला.

कुणीच हसलं नाही. मग बायकांच्या बाजूने आवाज आला, "व माय! पांढरा लुगडामाच नवरी व्हयनी!" कुणीतरी हुंदका दिला. मागून पडद्यावर जोडा आला; तो फेकणाऱ्याला बायकांनीच बाहेर काढलं.

रतिलालने गिरधरचा हात घट्ट धरला. "मी निळं लुगडं आनं, तू पांढरं करी दिधं! माले हाई सुचतंच नही, भाऊ."

"चूक व्हयनी ती," गिरधर म्हणाला.

"ऐका शेठ, केवढा मोठेपणा!" रतिलाल मागे बसलेल्या शेठकडे वळून म्हणाला.

शेठ खूश होता. "पुढचाबी असाच करा. गोष्ट रतिलालनी, कॅमेरा गिरधरना."

लोकांनी रतिलालला खांद्यावर घेतलं. गिरधर खाली उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याने कालवलेलं विषही रतिलालच्याच अंगी लागलं होतं. ते पांढरं लुगडं आपल्याला खरंच सुचलं असतं तर, असं मनात आलं आणि तो आणखी जोरात टाळ्या वाजवू लागला.